फवारणीच्या विषावर व्हिटॅमिनचा उतारा? छे!

कोथरूडच्या सोसायट्यांपासून जुन्नरच्या शेतकरी ग्रुपपर्यंत सध्या एक मेसेज फिरतोय. कीटकनाशकाने मेंदू खराब होतो, पण रोज व्हिटॅमिन ई आणि सी घेतलं की धोका टळतो. उंदरांवर सिद्ध झालंय. शेतकऱ्यांनी फवारणीआधी घ्यावं. साइड इफेक्ट शून्य. एकेक दावा बघू.

‘मेंदू खराब होतो.’ यात तथ्य आहे. पॅराक्वाट हे तणनाशक आणि रोटेनोन हे कीटकनाशक वापरणाऱ्यांत पार्किन्सन (हातपाय थरथरण्याचा मेंदूचा आजार) जास्त आढळल्याचे अभ्यास आहेत. पण मंडईतून अर्धा किलो वांगी आणणारा आणि पाठीवर पंप घेऊन फिरणारा यांच्या अंगात जाणारं विष सारखं नसतं. मेसेज दोघांना एकाच मापाने मोजतो.

‘उंदरांवर सिद्ध झालंय.’ प्रयोग झालेत, खोटं नाही. त्यांत बहुधा व्हिटॅमिन विषाच्या आधी किंवा सोबत देतात आणि मेंदूतल्या ऑक्सिडेशनच्या, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या रासायनिक क्रियेच्या, खुणा मोजतात. त्या कमी भरतात, एवढंच. माणसांचं काय? पार्किन्सनच्या सुरुवातीच्या ८०० रुग्णांवर अमेरिका-कॅनडात मोठी चाचणी झाली. त्यात व्हिटॅमिन ई रोज २००० युनिट देऊन पाहिलं. १९९३ साली निकाल आला: आजाराचा वेग कमी झाला नाही.

‘फवारणीआधी गोळी घ्या.’ इथे मात्र डोकं फिरतं. ऑरगॅनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या गटातली औषधं शरीरातलं एक एन्झाइम बंद पाडतात. नसांचा निरोप स्नायूंपर्यंत पोचला की तो निरोप पुसून टाकणं हे त्या एन्झाइमचं काम. ते थांबलं की निरोप साचत जातात: तोंडाला लाळ, दरदरून घाम, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, स्नायू फडफडतात, शेवटी श्वास अडतो. व्हिटॅमिन सी त्या एन्झाइमला सोडवत नाही. उतारा ॲट्रोपिनचा, तोही दवाखान्यात, शिरेतून. २०१७ साली यवतमाळमध्ये कपाशीवर फवारताना वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात दाखल झाली. गोळीच्या भरवशावर उद्या कुणी मास्क आणि हातमोजे घरी ठेवून शेतात उतरला तर हा मेसेज पुढे ढकलणारे काय करणार? फवारताना मळमळ, चक्कर सुरू झाली की काम तिथेच थांबवा, कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा आणि औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा. डॉक्टरांना लेबलवरचं नाव लागतं.

‘साइड इफेक्ट शून्य.’ व्हिटॅमिन ईची ती ४०० ची हिरवी कॅप्सूल, जी निम्मं पुणं फोडून केसांना चोळतं, रोज पोटात घ्यायची गोष्ट नव्हे. रोज ४०० युनिट घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के जास्त आढळला, हे २०११ साली एका मोठ्या चाचणीत दिसलं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर रक्तस्रावाची भीती वेगळीच. आणि मेसेजमध्ये नसलं तरी, ‘नसांसाठी’ म्हणून व्हिटॅमिन बी-६ चे मोठे डोस महिनोन्‌महिने घेतले, तर हातापायांच्या नसाच बधिर होतात.

राहिली भाजी. वाहत्या पाण्याखाली चोळून धुतली की वरचा औषधाचा अंश बराच जातो. इमिडाक्लोप्रिडसारखं झाडात भिनणारं औषध मात्र धुऊन जात नाही. ते रोखायचं तर शेतातच: फवारणी आणि तोडणी यांच्यात लेबलवर छापलेले दिवस जाऊ द्यायचे. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांतल्या अंशांवर आपल्याच पुण्याजवळच्या मांजरी गावातलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र लक्ष ठेवतं. मार्केट यार्डात उतरणाऱ्या प्रत्येक गाडीला अशी तपासणी नाही. ग्रुपवर मागणी करायचीच तर ती करा.