तीन दुकानांचे शहर

मी स्कायरिम हा व्हिडिओ गेम खेळत असताना मागे खुर्ची टाकून बसलेल्या बाबांनी एकदा विचारले होते, "अन् एवढ्या लोकांना खाऊ कोण घालते रे?" पडद्यावर तेव्हा त्यातले व्हाइटरन शहर होते. टेकडीवरचा राजवाडा, दगडी तट, फाटकावरचे पहारेकरी असा सगळा थाट होता. बाबांचा उभा जन्म काटोल तालुक्यात संत्र्याच्या बागेत गेला, त्यामुळे कोणतीही वस्ती पाहिली की इथे माल कुठून येतो आणि कुठे जातो, हा त्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो. मी त्यांना बाजारचौक दाखवला. तिथे एका बाईचे फळे-भाजीपाल्याचे, एका शिकाऱ्याचे मांसाचे आणि एका म्हातारीचे दागिन्यांचे अशी एकंदर तीन पाले आहेत. बाबांनी ती मोजली आणि म्हणाले, "आपल्या गावच्या आठवडी बाजारात याहून जास्त दुकानं लागते." एवढे बोलून ते झोपायला गेले.

त्या दिवसापासून मी खेळांमधली शहरे बाबांच्या नजरेने पाहू लागलो. या विषयावरची चर्चा बहुतेक वेळा आकारापाशी येऊन थांबते. नकाशा किती मोठा, घरे किती, त्यातल्या किती घरांत शिरता येते, यावरच सगळा वाद चालतो. माझे मत वेगळे आहे. जिथे आपल्यावाचून कोणाचेही काहीही अडत नाही आणि ही गोष्ट आपल्याला पावलोपावली जाणवते, ती वस्ती मला शहर वाटते, मग तिथे चाळीस घरे असोत की चार हजार.

व्हाइटरनवर माझा राग नाही. २०११ साली हा खेळ आला तेव्हा तो एक्सबॉक्स ३६० वर चालवायचा होता आणि त्या यंत्राची एकूण मेमरी होती ५१२ एमबी. तेवढ्या जागेत तो बनवणाऱ्या बेथेस्डा कंपनीच्या मंडळींनी जवळजवळ प्रत्येक रहिवाशाला नाव, घर, निजायला खाट आणि दिवसभराचा ठरलेला क्रम दिला, हे कौतुकाचेच आहे. परंतु नेमक्या त्याच कारणाने व्हाइटरनचे खेडे झाले. दोन-तीन संध्याकाळी खेळल्यावर कोण कोणाची मुलगी, कोणाचे कोणाशी पटत नाही, रात्री दारूच्या गुत्त्यात कोण बसतो, हे सगळे तोंडपाठ होते. पहारेकरी तर आपण काय शिकलो, कोणाला मारले, याची येता-जाता दखल घेतात. इतकी विचारपूस गावात होते. नागपूरच्या बाजारात, सीताबर्डीवर, मी गेली वीस वर्षे जातो आहे, तिथे कोणी माझ्या पराक्रमाची चौकशी केल्याचे स्मरत नाही.

या न्यायाने पाहिले तर व्हाइटरनमध्ये अस्सल शहरी माणूस एकच आहे, तो म्हणजे नझीम. जगभरच्या खेळाडूंनी त्याला शिव्या घातल्या, कारण तो आपल्याला हिंग लावूनही विचारत नाही आणि वरच्या वाड्याकडे तुमचे कधी येणे होते का, असे खोचकपणे विचारतो. मला मात्र त्याच्यामुळेच क्षणभर शहरात आल्यासारखे वाटते. त्याची खरी गंमत अशी की हा गृहस्थ तटाबाहेरच्या एका शेताचा मालक आहे. वावर बाहेर आणि रुबाब आत, हा नमुना आमच्या नागपुरात धरमपेठेपासून मानेवाड्यापर्यंत कुठेही भेटेल.

नुसती संख्या वाढवूनही भागत नाही, याचा पुरावा त्याच कंपनीने १९९६ सालीच देऊन ठेवला आहे. डॅगरफॉल या त्यांच्या जुन्या खेळात गावे, शहरे आणि भुयारे मिळून हजारो ठिकाणे आहेत, आणि ती बहुतांशी संगणकाने नियम लावून रचलेली आहेत. त्यातली शहरे खरोखर अवाढव्य आहेत. पण एक गल्ली पाहिली की उरलेल्या पाहण्याची इच्छा राहत नाही, कारण कोणत्याच गल्लीला दुसऱ्या गल्लीची गरज नाही.

मी शहर पहिल्यांदा पाहिले ते संत्र्यांच्या ट्रकवर बसून. दहा-अकरा वर्षांचा असेन. आमच्या गावाहून साठेक किलोमीटर रात्रीचा प्रवास करून आम्ही नागपुरात कळमन्याच्या बाजारात पोचलो तेव्हा उजाडलेही नव्हते, आणि तरीही आमच्या पुढे गाड्यांची रांग होती. थंडीत कान दुखत होते. हमाल शेकोटीशी बसले होते. पुढे लिलाव सुरू झाला. बोलणारा काय बोलत होता ते मला शेवटपर्यंत कळले नाही, पण दोन-चार माणसांनी आमच्या गाडीतली चार फळे उचलली, एक सोलून तोंडात टाकले, साले तिथेच फेकली आणि भाव ठरला. गावात बाबांना सगळे भाऊ म्हणून हाक मारत, पारावर त्यांना जागा करून देत. इथे त्यांचे नाव कोणी विचारले नाही. इथे ते होते 'काटोलची गाडी'. विक्रीच्या हिशेबाची पट्टी हातात घेऊन आम्ही बाहेर पडलो तेव्हा मी मागे वळून पाहिले, तर आमची गाडी जिथे उभी होती तिथे दुसरी गाडी लागलीसुद्धा होती. मला तेव्हा रडू आले होते, आणि खेळांमध्ये मी आजही तीच भावना शोधत असतो.

ती मला सर्वांत आधी सापडली गॉथिक २ मधल्या खोरिनिस शहरात. हा जर्मन खेळ २००२ सालचा. इंजिनिअरिंगला असताना वसतिगृहातल्या एका मित्राच्या संगणकावर आम्ही आळीपाळीने तो खेळायचो. खोरिनिस आजच्या मानाने इवलेसे आहे, पाच मिनिटांत आरपार चालून होते. तरीही ते शहर आहे, कारण फाटकावरचा शिपाई तुम्हाला फाटक्या कपड्यांत आत सोडत नाही. शंभर सोन्याची नाणी मोजा, नाहीतर किमयागारासाठी वनस्पती आणल्याची बतावणी करा, नाहीतर जवळच्या शेतावरून शेतकऱ्याचे कपडे मिळवून ते घालून या, मग शेतावरचा माणूस समजून तो आत जाऊ देतो. संत्र्यांच्या ट्रकवर बसून आलेल्या मुलाला हा शेवटचा मार्ग किती ओळखीचा वाटला असेल, याची कल्पना करा. आत शिरल्यावरही वरच्या वस्तीत पाऊल टाकता येत नाही. त्यासाठी नागरिक व्हावे लागते आणि नागरिक होण्याचा एक मार्ग असा की खालच्या वस्तीतल्या एखाद्या उस्तादाकडे, म्हणजे लोहाराकडे, धनुष्य करणाऱ्याकडे किंवा किमयागाराकडे, शिकाऊ उमेदवारी मिळवायची. तीही उरलेल्या उस्तादांची संमती असेल तरच. शहरात जागा मिळवायची म्हणजे कोणाच्या तरी हाताखाली राहून चार लोकांचा होकार गोळा करायचा, हे त्या खेळाने जितके नेमके दाखवले तितके मी नंतर फार कमी ठिकाणी पाहिले.

बाबांच्या प्रश्नाचे उत्तरही तिथेच आहे. खोरिनिसबाहेरचा ओनार नावाचा बडा जमीनदार शहराला कर द्यायला नकार देतो आणि भाडोत्री सैनिक पदरी बाळगतो; शहराचे शिपाई शेतांवर जाऊन वसुली करतात; दोन्ही बाजूंच्या कात्रीत लहान शेतकरी सापडतात. शहराला धान्य कोण देतो आणि ते थांबले तर काय होते, यावरच तिथले निम्मे राजकारण उभे आहे. तटाच्या आतल्या माणसांचे पोट तटाच्या बाहेर आहे, हे एकदा दाखवले की वीस घरांची वस्तीही शहर म्हणून पटते. व्हाइटरनच्या फाटकाबाहेरही दोन-तीन शेते आहेत, पण ती जळून गेली तर आतल्या तीन पालांवरचा एक कोबीसुद्धा कमी होणार नाही.

मला सतत खटकणारी आणखी एक बाब नावांची आहे. खेळांतल्या शहरांत बाजारपेठ नावाच्या भागात बाजार असतो, मंदिर विभागात मंदिरे असतात, जणू काल रात्रीच कोणी नकाशावर चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. खरे शहर इतके प्रामाणिक नसते. आमच्याकडे इतवारी आहे, बुधवारी आहे, शुक्रवारी आहे. ती नावे आठवड्याच्या बाजारांची आहेत, पण इतवारीत माल घ्यायला कोणी रविवारची वाट पाहत नाही. कॉटन मार्केटमध्ये पहाटे भाजी उतरते, कापूस नाही. महाल भागात जुन्या नागपूरच्या तटाची वेस उभी आहे आणि तट मात्र नाही, त्यामुळे ऑटोवाले तिच्या आतून जातात की बाहेरून, याला काहीच अर्थ उरलेला नाही. गोंड राजा बख्त बुलंद शहाने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बारा खेडी एकत्र करून हे नगर वसवले, तेव्हा प्रत्येक खेडे आपापली खोड घेऊनच आत आले असणार. कोणत्याही विकसकाने शहर आखताना दोन-तीन नावे मुद्दाम चुकीची ठेवावीत, म्हणजे इथे आपल्या आधी कोणीतरी राहून गेले आहे, हे खेळणाऱ्याला न सांगता कळेल.

लॅरियन कंपनीच्या बाल्डर्स गेट ३ बद्दल, म्हणजे २०२३ सालच्या या खेळाबद्दल, माझे मत दुभंगलेले आहे. शहराकडे जाणाऱ्या पुलाअलीकडे अडकून पडलेले निर्वासित, आत जाण्यासाठी लागणारा परवाना, ही सुरुवात उत्तम आहे. त्याहून उत्तम म्हणजे तिथले वर्तमानपत्र. आपल्याविषयी काय छापून येणार आहे ते कळल्यावर छापखान्यात घुसून बातमी बदलता येते, आणि न बदलल्यास अनोळखी माणसे आपल्याविषयी वाचलेले खरे मानून बसतात. ज्याला कधी पाहिलेही नाही त्याच्याविषयी मत असणे, हा शुद्ध शहरी गुण आहे. दुर्दैवाने त्या शहरात वेळ सरकत नाही. रात्र मुक्काम केला तरच होते, रस्त्यावर ती कधी येतच नाही. ज्या शहराला पहाट नाही त्याच्या दारात गाड्यांची रांग लागणार कधी? तिथली गर्दी मला लग्नाच्या फोटोसारखी वाटते, सगळे आपापल्या जागी, छान कपडे घालून उभे.

राहिले नोव्हिग्राड. द विचर ३ मधले हे बंदर, २०१५ सालचे. कथेनुसार तिथे तीसेक हजार माणसे राहतात. पडद्यावर अर्थातच तितकी नाहीत. शेतांमधून घोडा दौडवत आलो की मधे लोडिंगचा पडदा न येता आधी तटाबाहेरच्या झोपड्या लागतात, मग फाटक, मग चिखल आणि गर्दी. बहुतेक दारे बंद असतात. अनेकांना याचा राग येतो. सगळी घरे उघडता आली पाहिजेत, असा त्यांचा आग्रह असतो. मी ज्या गल्लीत भाड्याने राहतो तिथल्या किती घरांच्या आत मी गेलो आहे, हे मोजायला एका हाताची बोटे पुरतात. बंद दारांमागे काहीतरी चालू आहे आणि त्याचा माझ्याशी संबंध नाही, ही जाणीव मला उघड्या पण रिकाम्या खोलीपेक्षा कितीतरी मोलाची वाटते.

नोव्हिग्राडमध्ये एकदा मी कोणत्या तरी कामगिरीच्या शोधात चाललो असताना पाऊस सुरू झाला. रस्त्यावरची माणसे पळत जाऊन आडोशाला उभी राहिली. कोणी पावसाला दूषणे देत होते. माझ्याकडे त्यांतल्या कोणाचेही लक्ष नव्हते. सीताबर्डीवर जुलैत अचानक सर आली की दुकानांच्या फळ्यांखाली असेच पंचवीस अनोळखी लोक एकमेकांना खेटून उभे राहतात, कोणी मोबाइल पिशवीत घालतो, कोणी दुकानदाराच्या नजरेला नजर न देता पायरीवर एक पाऊल आणखी वर सरकतो, आणि पाऊस थांबला की कोणाचाही निरोप न घेता सगळे पांगतात. मी कंट्रोलर खाली ठेवला आणि घोड्यावरच्या त्या माणसाला तसाच रस्त्याच्या मधोमध भिजत उभा राहू दिला. बाबा मागेच बसले होते. यावेळी त्यांनी दुकाने मोजली नाहीत. "पाणी जोरात आहे," एवढेच म्हणाले.