सिस्टरच्या पिशवीतली वही

आमच्या चुलतभावंडांच्या ग्रुपवर आपत्ती हा विषय निघाला की तो दर वेळी माझ्यावर येऊन थांबतो. 2025 च्या मे महिन्यात गोव्यात शिरगावला लईराईच्या जत्रेत पहाटे चेंगराचेंगरी झाली तेव्हा थांबला, डिसेंबरात हडफड्याच्या नाईटक्लबात आगीने 25 जीव गेले तेव्हा तर दोन दिवस थांबला. एक पार्टी म्हणते, तायू तू सांग, तुमच्या इंग्लंडात असं होईल का. दुसरी म्हणते, तिला कशाला विचारता, तिकडे शेजारी मेला तरी आठ दिवस कोणाला कळत नाही, आपल्याकडे निदान माणसं धावून येतात. मग कोणीतरी सायरन, ड्रोन, एनडीआरएफचा कायमचा तळ असलं काहीतरी टाकतो, त्यावर अंगठे पडतात आणि गाडी मानकुराद आंब्याच्या नाहीतर इसवण माशाच्या भावावर जाते.

मी इथे उत्तर इंग्लंडात, कंब्रिया नावाच्या डोंगराळ भागात कम्युनिटी नर्स आहे. म्हणजे हॉस्पिटलात नाही, गाडी घेऊन घरोघरी. ड्रेसिंग, इन्सुलिन, कॅथेटर, शेवटच्या दिवसांतले पेशंट. पाऊस इथेही सोडत नाही. 2015 च्या डिसेंबरात डेसमंड वादळात इथल्या होनिस्टर खिंडीत चोवीस तासांत 341 मिलिमीटर पडला, तो या देशाचा विक्रम. आम्हा गोंयकारांना 341 म्हणजे एखादा वाईट दिवस, पण पूल आणि नाले ज्या पावसाच्या हिशेबाने बांधलेत त्याच्या बाहेर गेला की शहर बुडतं, कार्लाईल बुडलंच.

मला काय म्हणायचंय ते सांगायला आधी घरची गोष्ट. माझं गाव डिचोली तालुक्यात, नदीकाठी. वर महाराष्ट्रात, दोडामार्गात तिळारीचं धरण, खाली आम्ही. 2019 च्या श्रावणात मी सुट्टीवर घरी होते आणि नेमकं तेव्हाच धरणाचं पाणी सुटलं, वरून पाऊस होताच. सकाळी परसात पाणी, दुपारी पडवीत. तरुण पोरं आली, होडी आली, पंच आले, सगळे मोठ्याने ओरडत होते आणि कुठल्या घरी आधी जायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. मी नर्स, मलाही नव्हतं, मी आपली आईची औषधं पिशवीत भरत बसले. तेवढ्यात सबसेंटरची, म्हणजे गावच्या सरकारी आरोग्य उपकेंद्राची, सिस्टर गुडघाभर पाण्यातून साडी खोचून आली, हातात दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली वही. होडीवाल्याला म्हणाली, फणसाकडच्या घरात माडीवर म्हातारी आहे, एक बाजू गेलेली, तिला खाटेसकट उचला. मग वरच्या वाड्यावरची सून, नववा महिना. मग एक मनुष्य ज्याला दुसऱ्या दिवशी डायलिसिसला जायचं होतं आणि जो घरात बसून मला काय होतंय म्हणत होता. तिने वही उघडलीसुद्धा नाही. सगळं डोक्यात होतं.

मला आपत्ती व्यवस्थापन शिकवलं होतं, कॉलेजात चॅप्टर होता. पूर्वतयारी, प्रतिसाद, पुनर्वसन, ट्रायाजचे, म्हणजे कोणाला आधी बघायचं ते ठरवायचे, चार रंग, लाल पिवळा हिरवा काळा. परीक्षेत दहा मार्कांना यायचं. पण त्यात कुठेही असं नव्हतं की पूर येण्याच्या आधी कोण जिना उतरू शकत नाही हे कोणाला तरी माहीत असावं लागतं.

आता इथलं. 26 नोव्हेंबर 2021 च्या रात्री आर्वेन वादळ आलं, देशभरात दहाएक लाख घरांची लाईट गेली, काहींची आठवड्यावर. इथे यादी असते बरं का, आणि चांगली असते. घरात ऑक्सिजनचं मशीन आहे, कोणी अंथरुणाला खिळलेलं आहे, लहान बाळ आहे, तर वीज कंपनीकडे नाव नोंदवता येतं, लाईट गेली की त्यांनी आधी तुमची विचारपूस करायची. कायदाही आहे, 2004 चा, हॉस्पिटलं, पोलीस, कौन्सिल सगळ्यांनी मिळून आधीच प्लॅन करायचा. ग्रुपवर पहिली पार्टी ज्या इंग्लंडाबद्दल बोलते ते हे.

तर त्या रात्री यादी होती आणि फोन नव्हता. मोबाईलचे टॉवर लाईटीवर, घरचे नवे फोन इंटरनेटवर, ते पण लाईटीवर, म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यातलं मदतीचं बटण त्याच फोनवर. शिवाय कंपनीची यादी कंपनीकडे, आमची आमच्या कॉम्प्युटरात, कौन्सिलची तिसरीच. सकाळी आमच्या सीनियरने आठवून आठवून कागदावर नावं लिहिली आणि आम्ही बर्फात गाड्या काढल्या. मला काळजी होती ती गाद्यांची. अंथरुणातल्या पेशंटला बेडसोर होऊ नये म्हणून हवेची गादी असते, पंपावर चालते, लाईट गेली की काही तासांत ती चपटी होते आणि माणूस सरळ पलंगाच्या फळीवर येतो. कोणाच्या घरी कुठली गादी आहे हे कुठल्याच प्लॅनमध्ये नसतं, ते फक्त ड्रेसिंग करणाऱ्या बाईला माहीत असतं. एका आजोबांकडे पोचले तर शेजारचा शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आधीच आलेला, आजोबांना कुशीवर वळवून पाठीला उशा लावलेल्या, गॅसच्या स्टोव्हवर सूप चाललेलं. म्हणजे दुसऱ्या पार्टीचं तिकडे शेजारी विचारत नाहीत हेही तितकं खरं नाही.

आणि पहिल्या पार्टीला एक विचारायचंय, 2017 च्या जूनमध्ये लंडनात ग्रेनफेल टॉवरला आग लागून 72 माणसं मेली ते ठाऊक आहे का? त्या इमारतीत 37 अपंग रहिवासी होते, त्यातले 15 गेले. ज्याला स्वतःहून जिना उतरता येत नाही त्याला कसं बाहेर काढायचं हे आधी लिहून ठेवा, असं चौकशीच्या पहिल्याच अहवालात 2019 ला सांगितलं, आणि सरकार हे करावं की नको यात वर्षं घालवत बसलं. म्हणजे श्रीमंत देश, लंडनसारखं शहर, आणि अडलं कुठे, तर आमच्या फणसाकडच्या म्हातारीपाशी.

गोव्याचं दुखणं वेगळं आहे. देशात जवळपास सगळीकडे आशाताई आहेत, गोव्यात ही योजनाच नाही. नदीपलीकडे दोडामार्गात आशाताई घरोघर फिरते, नदीच्या या बाजूला आमच्याकडे ते सगळं सबसेंटरच्या एएनएमवर म्हणजे सिस्टरवर, एमपीडब्ल्यूवर म्हणजे आरोग्यसेवकावर आणि अंगणवाडीताईवर. कागदावर साध्या भागात पाच हजार आणि डोंगराळ भागात तीन हजार लोकसंख्येला एक सबसेंटर. लसीकरण, गरोदर बायकांची नोंद, बीपी शुगर, डेंग्यूची पाहणी, वर पोर्टलात एंट्री. हे करून ती बाई गावाला ओळखते. एवढं ओळखणारा माणूस मला कंब्रियात मिळणार नाही, आमचे पेशंट आमच्याकडे येतात तेच मुळी आजारी पडल्यावर, त्यांच्या घरातल्या बाकी कोणाची आम्हाला खबर नसते.

आता आपदा मित्र, आपदा सखी म्हणून गावोगावचे स्वयंसेवक तयार केलेत, किट दिलेत, चांगलंच आहे, पोरांना दोरी बांधता आली पाहिजे. पण त्यांना कुठल्या घरी पाठवायचं हे कोण सांगणार? 2021 चीच दोन उदाहरणं घ्या. मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा कोविडची दुसरी लाट जोरात, घराघरात पेशंट, आणि कित्येक गावांत लाईट नाही. मी इथून फोन लावत होते आणि लागत नव्हता. मग जुलैत 23 तारखेला म्हादई नदी सत्तरी तालुक्यात घुसली, 1982 नंतरचा सगळ्यात मोठा पूर असं मुख्यमंत्रीच म्हणाले. दोन महिन्यांत दोनदा प्रश्न तोच, कोण कुठे पडून आहे, कोणाची औषधं किती दिवसांची उरली आहेत.

पुराचं पाणी ओसरलं की होडीवाले आणि कॅमेरेवाले जातात, आणि काम खरं तर तिथून पुढे आहे. विहिरीत ब्लीचिंग पावडर, साधारण हजार लिटरला अडीच ग्रॅम, टाकून तासभर थांबायचं. चिखलात वावरलेल्यांना लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, होऊ नये म्हणून आठवड्याला 200 मिलिग्रॅम डॉक्सीसायक्लिन, पण ती गोळी गरोदर बाईला आणि लहान पोरांना द्यायची नसते, म्हणजे परत कोण गरोदर हे माहीत हवं. इन्सुलिनवाल्यांना सांगायचं की फ्रीज बंद पडला म्हणून घाबरून डोस सोडू नका, ओल्या मडक्यात ठेवा. मानसिक आजाराच्या गोळ्या वाहून गेलेला माणूस तर कधीच सांगत नाही, त्याला तुम्ही जाऊन विचारावं लागतं.

म्हणून ग्रुपवर मी लिहिलं की ड्रोन घ्या हो, नको कोण म्हणतंय, पण मे महिन्यात मामलेदार कचेरीत पावसाळ्याची मीटिंग होते तिथे प्रत्येक गावच्या सिस्टरला एक खुर्ची द्या. तिने फक्त तीन गोष्टी सांगाव्यात, कोण उठू शकत नाही, कुठल्या गरोदर बाईचे दिवस भरत आलेत, कोणाचं मशीन लाईटीवर चालतं. यादीची एक कागदी प्रत पंचायतीत, एक होडीवाल्याकडे, दर महिन्याला बदललेली. लोकांच्या आजाराची यादी पंचाच्या हातात देणं धोक्याचं आहे हे मला माहीत आहे, इथे त्याचसाठी तीन याद्या तीन ठिकाणी अडकून पडल्या. आजाराचं नाव लिहूच नका. घर, माणूस, आणि 'उचलून न्यावं लागेल' एवढं पुरे. यावर भाऊ म्हणाला, एवढं सोपं असतं तर कोणी केलं नसतं का. त्याला मी उत्तर दिलं नाही, सिस्टरलाच फोन लावला.

ती सबसेंटरच्या पायरीवर होती, आत रेंज नाही म्हणून, पोर्टलात कालच्या एंट्र्या भरत होती. मी खुर्चीचं सांगितलं तर हसली. मीटिंगला आम्हाला कोण बोलावतंय बाय, म्हणाली, वर जो आकडा पाठवतो तो जातो तिथे. मग जरा थांबून म्हणाली, बोलावलं तर जाईन, वही पण नेईन. पण झेरॉक्स काढून घ्यायला सांग हां, तशीच ठेवून घेतली तर मी काय करू, दुसरी नाही माझ्याकडे.