बाबांची लायब्ररी आणि ग्रुपवरची पीडीएफ

परवा आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका दिवाळी अंकाची पीडीएफ येऊन पडली. अंक बाजारात येऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. मुखपृष्ठापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत सगळी पानं कुणीतरी मोबाइलवर स्कॅन केलेली, काही पानांच्या कडेला अंगठाही आलेला. मी लिहिलं, "दादा, ही काढून टाक. ही चोरी आहे." लगेच उत्तर आलं, "तुझ्या बाबांनी एक अंक विकत घेऊन पन्नास घरांत फिरवला, वर पैसेही घेतले. मी तर फुकट देतोय. फरक कितें गो?"

रात्रभर हा प्रश्न डोक्यातून गेला नाही. प्रश्न खरा आहे, आणि त्यात बाबांचं नाव आलंय. ग्रुपवर मावणार नाही म्हणून इथे लिहिते.

गोव्यात फोंड्याला आमची सर्क्युलेटिंग लायब्ररी होती, म्हणजे वर्गणी घेऊन पुस्तकं घरी वाचायला देणारी. एक गाळा, तिन्ही भिंतींना कपाटं, पुढे टेबल. दिवाळी अंकांची वर्गणी वेगळी असायची. बाबा पणजीहून अंकांचा गठ्ठा घेऊन कदंबच्या बसनं यायचे, आणि त्या रात्री घरात कुणी लवकर झोपायचं नाही. नवाकोरा अंक आधी दाभणानं तीन ठिकाणी टोचायचा, दोरा ओवायचा, गाठ आतल्या बाजूला घ्यायची. नुसत्या पिनांवर अंक पन्नास घरं टिकत नाही. मग जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाचं कव्हर, छापील बाजू आत, पांढऱ्या बाजूवर बाबांच्या अक्षरात नाव आणि नंबर. (मराठीत ही दिवाळी अंकांची प्रथा १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाच्या काशिनाथ रघुनाथ मित्रांनी पाडली. त्यांचं मूळ आडनाव आजगावकर. बाबा हे येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे.)

मागणी असलेल्या अंकांना नंबर लागायचे. नोंदवहीत एकाखाली एक नावं. सावईवेऱ्याहून एक बाई दर शनिवारी बसनं यायच्या. त्यांना हवा असलेला अंक बांदोड्याला कुणाच्या घरी अडकलेला असला की त्या दुसरा उचलायच्या आणि पुढच्या शनिवारी परत विचारायच्या. एखाद्या अंकापुढची नावं फारच वाढली की बाबा आईशी बसून हिशेब करायचे आणि त्याच अंकाची दुसरी प्रत विकत आणायचे. एका वर्षी तर तिसरीही आणली होती.

दादा, फरक इथे आहे. अंक सावईवेऱ्याला गेला की तो आमच्याकडे नसायचा. वाचणारे वाढले की कुणाला तरी थांबावं लागायचं, आणि थांबणारे वाढले की आम्हाला आणखी एक प्रत विकत घ्यावी लागायची. त्या प्रतीचे पैसे विक्रेत्याकडून संपादकापर्यंत जायचे. तुझी पीडीएफ दोनशे जणांकडे गेली तरी तुझ्याकडे आहेच. त्या दोनशेंनी ती आणखी कुठे पाठवली ते तुलाही माहीत नाही. कुणालाच थांबावं लागलं नाही, म्हणून दुसरी प्रत घ्यायची वेळही कुणावर आली नाही. फुकट की पैसे घेऊन, हा मुद्दा त्यानंतरचा.

आता बाबांची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर हे लिहिणं खोटं ठरेल.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी पुस्तकांच्या बाजूला व्हिडिओ कॅसेट आल्या. शनिवारी रात्री एकाच सिनेमासाठी पाच-सहा घरांतून विचारणा. दुसरी कॅसेट आणण्याऐवजी बाबांनी कुणाचा तरी व्हीसीआर आणून आमच्या व्हीसीआरला जोडला आणि रात्रीत कॉपी काढली. टेप मध्येच अडकली तर हाक मारायला मला बसवलं होतं. त्या कॉपीच्या लेबलच्या कोपऱ्यात बाबा पेन्सिलीनं बारीक 'क' लिहायचे. कुणाला दिसू नये इतका बारीक. भाडं तेवढंच घ्यायचे. आपण काय करतोय हे त्यांना कळत होतं, म्हणूनच तो 'क' होता. भाडं आणि पायरसी या दोन्ही गोष्टी एकाच टेबलावरून होताना मी पाहिल्या आहेत, आणि त्या एक नव्हत्या हे मला तेव्हाही कळत होतं.

कायदा मी मुद्दाम नीट वाचला. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यातल्या कलम १४ प्रमाणे पुस्तकाची एकदा वितरणात आलेली प्रत पुढे कुणाला वाचायला द्यावी, यावर लेखकाचा हक्क चालत नाही. सिनेमाचं तसं नाही. १९९४ च्या दुरुस्तीनं सिनेमाची प्रत, ती आधी विकलेली असली तरी, भाड्यानं देण्याचा हक्क मालकाकडे स्पष्टपणे ठेवला. २०१२ च्या दुरुस्तीत 'व्यावसायिक भाडं' असा शब्द आला आणि ना-नफा ग्रंथालयांना त्यातून सूट मिळाली. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयानं परदेशात विकत घेतलेल्या अस्सल डीव्हीडी भाड्यानं देणाऱ्या एका व्हिडिओ लायब्ररीच्या विरोधात निकाल दिला होता. म्हणजे १९९४ नंतर 'क' नसलेल्या आमच्या अस्सल कॅसेटही परवान्याशिवाय देणं बेकायदा ठरलं असतं. हे वाचून मला वाईट वाटलं, पण कारण पटलं. कॅसेट घरी नेली की रात्रीत तिची नक्कल होते. अमेरिकेनं १९८४ मध्ये गाण्यांच्या रेकॉर्ड मालकाच्या परवानगीशिवाय भाड्यानं देणं बंद केलं, तेही याच भीतीनं. दोनशे पानांचं पुस्तक मात्र कुणी हातानं उतरवून घेत नव्हतं, म्हणून ते मोकळं राहिलं. आज फोननं अर्ध्या तासात अख्खा अंक उतरवला जातो. पुस्तकांची ही मोकळीक टिकवायची की घालवायची, हे आपल्यासारख्या वाचकांच्याच हातात आहे, आणि मला तिची काळजी वाटते.

एक गोष्ट मी मान्य करते. पन्नासाव्या वाचकाकडून लेखकाला एक पैसाही मिळत नव्हता. त्यावर उपाय आहे. डेन्मार्कनं १९४६ मध्ये आणि ब्रिटननं १९७९ च्या कायद्यानं ग्रंथालयातल्या पुस्तकांसाठी सरकारकडून लेखकाला मोबदला द्यायची सोय केली. आपल्याकडे ती नाही. पणजीत १८३२ साली सुरू झालेलं सार्वजनिक ग्रंथालय आजही आहे. ज्या गोव्यात हे आहे, तिथून ही मागणी पहिल्यांदा उठावी असं मला मनापासून वाटतं. दृष्टिहीनांसाठी वाचता येईल अशी प्रत करायला २०१२ च्या दुरुस्तीनं मुभा दिलीच आहे, तेव्हा 'दृष्टिहीनांसाठी म्हणून पाठवली' असं कुणी म्हटलं, तर ते कारणही ग्रुपवर सगळ्यांना पाठवलेल्या पीडीएफला लागू होत नाही.

दादा, ती पीडीएफ आजच काढ. तो अंक मी विकत घेतलाय, वाचायला तुलाही देईन. सध्या तो कवळ्याच्या काकूंकडे आहे. त्यांचा वाचून झाला की पाठवते. तुझ्याआधी आणखी दोन नावं आहेत.