दीड तासात बंद पडणारा रिसीव्हर: नांदेडच्या वाचकाला उत्तर

दादा,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: "आधी चांगले स्पीकर घ्या, वॅटच्या मागं लागू नका" हा माझ्या आधीच्या लेखातला सल्ला मानून तुम्ही 4 ओहमचे टॉवर, म्हणजे उंच उभे स्पीकर, घेतले आणि सगळं रिसीव्हरवर, म्हणजे ॲम्प्लिफायर आतच असलेल्या होम थिएटरच्या मशीनवर, भागवलं. आता नांदेडच्या उन्हाळ्यात सिनेमा रंगात आला की दीड तासात रिसीव्हर बंद पडतो. "एसीत बसून लिहिणाऱ्याला मराठवाडा काय कळणार" असंही लिहिलंत. आणि आता पाचही चॅनेलला, म्हणजे पाचही स्पीकरना, 200-200 वॅटचा पॉवर ॲम्प्लिफायर घ्यायचं ठरवलंय. नाहीतर ओळखीचा मेकॅनिक 500 वॅटचा बनवून देतोच आहे.

मी परभणीत राहतो. खोलीत एसी नाही, कूलर आहे, आणि वर उघडा स्लॅब. मे महिन्यात पारा 43 ला टेकला की रात्री नऊ वाजताही भिंत हाताला गरम लागते. तरी तुमचा मूळ आक्षेप बरोबर आहे. त्या लेखातलं गणित मी शांत खोलीचं मांडलं होतं. कूलर धरलाच नव्हता, आणि ही चूक लहान नाही.

गणित परत मांडतो. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी 87 डेसिबल असेल, म्हणजे 1 वॅटला 1 मीटरवर 87, तर 3 मीटरवरच्या सोफ्यावर, भिंतींचा हातभार धरून, साधारण 80 पोचतात. वॅट दुप्पट केले की 3 डेसिबल वाढतात, दहापट केले की 10. थिएटरच्या प्रमाण पातळीला मोठ्यात मोठा आवाज एका चॅनेलला 105 डेसिबलपर्यंत जातो. घरात बहुतेक लोक त्याच्या 10 डेसिबल तरी खाली ऐकतात, म्हणजे 95. त्याला 30-32 वॅट पुरतात. म्हणून मी म्हटलं होतं की रिसीव्हर पुरे.

पण कूलर सुरू झाला की संवाद त्याच्या घरघरीत बुडतात, आणि हात आपोआप रिमोटकडं जातो. आवाज फक्त 6 डेसिबलनं वाढवला तरी वॅट चौपट लागतात. 32 चे 125 झाले! त्यात तुमचे टॉवर 4 ओहमचे. तेवढ्याच व्होल्टेजला 8 ओहमच्या दुप्पट करंट ते ओढतात, आणि रिसीव्हरचे ट्रान्झिस्टर त्या मानानं तापतात. 25 अंशांच्या खोलीत हीटसिंकला जी मोकळीक मिळते, त्यातले 12-13 अंश आपल्याकडच्या 38 च्या खोलीनं आधीच खाल्लेले असतात. मग थर्मल प्रोटेक्शन मशीन बंद करतं. ते बिघडलेलं नाही, स्वतःला वाचवतंय. तेव्हा पुढच्या तीन चॅनेलना, म्हणजे डावा, सेंटर आणि उजवा, तुम्हाला वेगळा ॲम्प्लिफायर हवाच. इथं मी माझा जुना सल्ला मागं घेतो.

पण पाचही चॅनेलला 200 वॅट, हे मला पटत नाही. सराउंडमध्ये, म्हणजे बाजूच्या-मागच्या दोन स्पीकरमध्ये, बहुतेक वेळ पाऊस, वारा, गर्दीचा गलका असला हलका ऐवज असतो, आणि ते स्पीकर कानाजवळ असतात. ते रिसीव्हरवरच राहू द्या. पुढच्या तिघांचा बोजा उतरला की तोच रिसीव्हर थंड चालेल. जड बास 80 हर्ट्झच्या खाली सबवूफरकडं वळवा. त्यासाठी रिसीव्हरच्या मेनूमध्ये टॉवर 'स्मॉल' केले म्हणून त्यांचा अपमान होत नाही, ॲम्प्लिफायरला श्वास मिळतो.

आणि वॅटवर इतकी भिस्त ठेवू नका असं मी का म्हणतो, ते सप्त्यातल्या भोंग्यावरून सांगतो. हरिनाम सप्ताहात देवळावरच्या एका भोंग्याला 30 वॅटचं युनिट असतं, आणि काकड्याचे अभंग शिवारापर्यंत ऐकू येतात. कारण भोंग्याची सेन्सिटिव्हिटी 105-107 च्या घरात असते. आपल्या 87 च्या स्पीकरपेक्षा 20 डेसिबल जास्त, म्हणजे त्याच आवाजाला आपल्या स्पीकरला शंभरपट वॅट लागतील. भोंग्यात ना बास ना नाजूकपणा, तो घरात कुणी लावू नये. पण कानापर्यंत पोचणारा आवाज निम्मा स्पीकरवर ठरतो, हे त्याच्याइतकं स्पष्ट दुसरं कोणी दाखवत नाही. 90 चा स्पीकर घेणं म्हणजे 87 च्या स्पीकरला दुप्पट ताकदीचा ॲम्प्लिफायर जोडण्यासारखंच आहे.

घेताना क्लास डी ही कमी तापणारी जात बघा. क्लास एबी या जुन्या पद्धतीचा ॲम्प्लिफायर पूर्ण ताकदीलासुद्धा ओढलेल्या विजेचा मोठा हिस्सा उष्णतेत घालवतो, आणि नेहमीच्या आवाजाला तर निम्म्याहून जास्त. क्लास डी पूर्ण ताकदीला दहा-पंधरा टक्क्यांवर भागवतो. आवाजाच्या गोडव्यावर लोक रात्र-रात्र वाद घालतात. माझं मत विचाराल तर आपल्या हवामानात थंड चालणारं मशीनच आधी. खोक्यावरचा आकडा वाचताना मात्र बारीक अक्षरं सोडू नका. '6 ओहम, 1 किलोहर्ट्झ, 10 टक्के डिस्टॉर्शन, एक चॅनेल' असं लिहिलेले 150 वॅट (डिस्टॉर्शन म्हणजे आवाज फाटणं) आणि '8 ओहम, 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ, सर्व चॅनेल' असं लिहिलेले 80 वॅट यांत मी दुसरे घेईन. 4 ओहमचा आकडा वेगळा छापलाय का तेही बघा, तुम्हाला तोच लागणार आहे.

मेकॅनिकबद्दल. असेंबल केलेल्याला मी नावं ठेवणार नाही. 5200-1943 या ट्रान्झिस्टरची जोडी उडाली तर ती आपल्याच गावात संध्याकाळपर्यंत बदलून मिळते, कंपनीच्या मशीनसाठी संभाजीनगर नाहीतर पुणं गाठावं लागतं. पण त्याला ट्रान्सफॉर्मर विचारा. 24-0-24, 5 अँपिअर म्हणाला तर 48 गुणिले 5, म्हणजे 240 व्हीए (ट्रान्सफॉर्मरची ताकद मोजायचं माप) झाले. त्यातून सलग 500 वॅट कुठून येणार? क्षणभराचा धमाका कपॅसिटर देतील, पण लांबलेल्या लढाईच्या प्रसंगात आवाज फाटेल. शिवाय संध्याकाळी व्होल्टेज 190 वर आलं की साध्या ट्रान्सफॉर्मरवरच्या ॲम्प्लिफायरची ताकद व्होल्टेजच्या वर्गानं घटते, 100 वॅटचे 68 उरतात. चांगला एसएमपीएस, म्हणजे व्होल्टेज स्वतः सांभाळणारा पॉवर सप्लाय, असलेलं मशीन तिथं टिकून राहतं.

पैसे मोजण्याआधी रिसीव्हर फिरवून मागची बाजू बघा. तिथं फ्रंट आणि सेंटरसाठी प्री-आऊट, म्हणजे बाहेरच्या ॲम्प्लिफायरला सिग्नल देणारी सॉकेट, आहेत का? स्वस्त रिसीव्हरना फक्त सबवूफरचं असतं. तसं निघालं तर कुठलाही पॉवर ॲम्प्लिफायर आणून नीट जोडता येणार नाही. मग रिसीव्हरच बदलावा लागेल, आणि हिशोब वेगळा होईल.

ॲम्प्लिफायर येईपर्यंत एवढं करा: रिसीव्हर शोकेसमधून बाहेर काढा, वरचा क्रोशाचा रुमाल उचला, वर वीतभर जागा मोकळी ठेवा. शहाबादी फरशीवर सतरंजी आणि मागच्या भिंतीला एखादी वाकळ लावा. घुमारा कमी झाला की संवाद उलगडतात, आणि कूलर चालू असतानाही आवाज तितका चढवावा लागत नाही. नवीन मशीन जोडल्यावर घूं असा आवाज आला तर रिसीव्हर आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावर घ्या. अर्थिंगची पिन मात्र कोणी सांगितलं तरी तोडू नका. काळी माती या दिवसांत भेगाळते आणि अर्थिंग कमजोर पडतं, तेव्हा खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. आणि मागच्या सॉकेटचा फोटो पाठवा, प्री-आऊट कुठले ते मी खूण करून सांगतो.