शुक्रवारी संध्याकाळी आलेला पाच वर्षांचा आराखडा

शुक्रवारी संध्याकाळी, ऑफिसला कुलूप लागायच्या वेळेला, विद्यापीठाच्या मुख्यालयाचा ईमेल येतो. 'बृहत् आराखड्यासाठी माहिती सादर करणेबाबत. अत्यंत तातडीचे.' सोबत एक्सेलचा तक्ता. मुदत सोमवारी सकाळी अकरा. म्हणजे पुढच्या पाच वर्षांत आमच्या उपकेंद्राचं काय व्हायचं, हे आम्ही शनिवार-रविवारी बसून त्यांनी आखून दिलेल्या रकान्यांत भरून द्यायचं. तळपायाची आग मस्तकात जाते बाप्पा!

रकाने तरी कसले? दृष्टी. ध्येय. बलस्थाने. उणिवा. संधी. 'प्रस्तावित उत्कृष्टता केंद्रे' यासाठी भली मोठी जागा. मंजूर पदं किती आणि त्यातली रिकामी किती, याला रकाना नाही. मुलींच्या वसतिगृहाला नाही. शेवटची एसटी किती वाजता सुटते, हे तर मुख्यालयात कुणाच्या डोक्यातही येत नाही. मागच्या वेळीही आम्ही जागरण करून असाच तक्ता भरला होता. छापून आलेल्या जाडजूड आराखड्यात आमच्या वाट्याला एक परिच्छेद आला, त्यात उपकेंद्राचं 'सक्षमीकरण करण्यात येईल' एवढंच. कोण करणार, कधी करणार, पैसा अर्थसंकल्पाच्या कोणत्या शीर्षातून येणार, एक अक्षर नाही. आम्ही लिहून दिलेलं कुठं गेलं, हे कुणी सांगितलं नाही, आणि विचारलं तर 'समितीने विचार केला' हे उत्तर. त्या समितीत उपकेंद्राचा एक माणूस नव्हता.

आणि हे काही मेहरबानीचं काम नाही, कायद्याचं काम आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 मध्ये पाच वर्षांच्या बृहत् आराखड्याची तरतूद आहे. उच्च शिक्षणाच्या सोयींचं समन्यायी वाटप व्हावं, त्यातही जिथं सोयी पोचल्या नाहीत आणि जो भाग मागास आहे त्याच्या गरजा खास लक्षात घ्याव्यात, असं तो कायदा सांगतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 तर म्हणतं की संस्थेचा विकास आराखडा शिक्षक, विद्यार्थी, कर्मचारी सगळ्यांना सोबत घेऊन करा. आमच्या एकाही विद्यार्थ्याला आजवर कुणी विचारलेलं नाही. सोमवारी अकराच्या आत कोणाला विचारणार?

विचारलं असतं तर एका पोरीने सांगितलं असतं. दुसऱ्या वर्षाला आहे, गाव आतल्या रस्त्यावर. वेळापत्रक मुख्यालयातून ठरून येतं, त्यात रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल तीन ते पाच. तिच्या गावाकडची मुक्कामी गाडी पाचला सुटते, स्टँड उपकेंद्रापासून चांगलं लांब. ब्युरेट भरलेली असते, फ्लास्कमध्ये गुलाबी रंग धरायला लागलेला असतो, दोन रीडिंग झालेली असतात, आणि ही घड्याळाकडे बघत म्हणते, "सर, तिसरं रीडिंग उद्या घेतलं तं चालते काय? ही गाडी गेली तं मंग गाडीच नाही." मी काय सांगू तिला? थांब म्हणू? रात्री राहील कुठं? ओढणी खोचते, फ्लास्क विसळून जागेवर ठेवते, कारण विसळायला परिचर नाही, ते पद किती वर्षं रिकामंच आहे, आणि पळत सुटते. हुशार पोरगी आहे. तिची वही अपुरी राहते ती आळसाने नाही.

प्रॅक्टिकल सकाळी आठला ठेवा, मुक्कामी गाड्या सकाळीच गावातून निघतात, पोरं आपोआप वेळेत पोचतात. एका ओळीचा बदल आहे, पैसा लागत नाही. लेखी मागणी केली. उत्तर आलं की सर्व परिसरांसाठी समान वेळापत्रक हे धोरण आहे. मुख्य परिसरात वसतिगृह आहे, दारातून सिटी बस जाते. समान कसं?

बरं, बारावीपर्यंत गावाकडच्या मुलीला एसटीचा पास फुकट असतो, अहिल्याबाई होळकर योजनेत. कॉलेजात आली की तो बंद, मग सवलतीच्या पासचे पैसे भरा. तेही कापूस विकला गेला तर वेळेवर, नाहीतर चार दिवस घरी. धोरणात 2035 पर्यंत सकल नोंदणीचं प्रमाण, म्हणजे कॉलेजच्या वयाच्या पोरांच्या मानाने कॉलेजात किती आहेत ते, 50 टक्क्यांवर न्यायचं लिहिलंय ना? ते प्रमाण इथं, या स्टँडवर वाढतं नाहीतर घटतं. उत्कृष्टता केंद्राच्या फलकाने नाही वाढत.

खरेदीचं तर बोलायलाच नको. पण बोलतोच. डिस्टिल्ड वॉटरच्या यंत्राची कॉइल जळली. किरकोळ रक्कम. पण खर्चाचा अधिकार उपकेंद्राला नाही, म्हणून प्रस्ताव मुख्यालयात. तिथून शेरा: तीन दरपत्रकं जोडा. जोडली. पुन्हा शेरा: मूळ यंत्राच्या खरेदी आदेशाची प्रत जोडा. ती प्रत त्यांच्याच कपाटात! फाइल टेबलावरून टेबलावर फिरत राहिली आणि सत्र संपत आलं. तोवर आम्ही पदरच्या पैशाने बॅटरीच्या दुकानातून पाण्याचे कॅन आणून प्रॅक्टिकलं उरकली. आणि आता तक्त्यात लिहा, उणिवा काय. तुम्हीच आहात आमची उणीव, हे कोणत्या रकान्यात लिहू?

अभ्यासक्रमांची तीच गत. यंदा वरून सूचना आली, डेटा सायन्सचा अभ्यासक्रम प्रस्तावित करा, कारण मुख्य परिसरात तो आहे. शिकवणार कोण? मंजूर पद नाही, तासिका तत्त्वावर माणूस घ्या, म्हणजे दर वर्षी नवा माणूस आणि त्याचं मानधन महिनोन्‌महिने अडकलेलं. डेटा सायन्सशी माझं वैर नाही. पण डोळे उघडून आजूबाजूला तरी बघा. चारी बाजूंनी कापूस, सोयाबीन, तूर. गुलाबी बोंडअळीने शेतकरी हैराण. विदर्भातल्या किती गावांत पाण्यात फ्लोराइड आहे. जिनिंगवाले सरकी तपासायला, शेतकरी माती तपासायला लांब जातात. माती आणि पाणी तपासणीचा एक पदविका अभ्यासक्रम इथल्या प्रयोगशाळेत उभा राहू शकतो, पोरांना गावातच काम मिळेल. हा प्रस्ताव आम्ही दिलाय. त्यावर 'नोंद घेतली' असा शिक्का आहे.

सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? आपण विदर्भवाले, विदर्भाला महाराष्ट्रात घेण्यासाठी झालेल्या 1953 च्या नागपूर करारापासून ओरडतोय की मुंबईत बसून आमचे निर्णय घेतात. विकासाच्या अनुशेषाचे आकडे मांडतो. विदर्भासाठी वेगळ्या विकास मंडळाची तरतूद करणाऱ्या घटनेच्या कलम 371(2) वर बोट ठेवतो. 30 एप्रिल 2020 ला वैधानिक विकास मंडळाची मुदत संपली तेव्हा सभा घेतल्या, पत्रकं काढली. अगदी बरोबर केलं. विद्यापीठांचंही तेच झालं: 1923 च्या नागपूर विद्यापीठाला सगळा विदर्भ आवरेना म्हणून 1983 मध्ये अमरावतीला वेगळं विद्यापीठ आलं, गडचिरोली-चंद्रपूरच्या पोरांना नागपूर लांब पडतं म्हणून 2011 मध्ये गोंडवाना आलं. लांबून कारभार होत नाही, हे आपल्याला अनुभवाने पटलेलं आहे. मग आपलीच माणसं, आपल्याच विदर्भात, मुख्यालयाच्या खुर्चीत बसली की उपकेंद्राशी हुबेहूब तसंच कसं वागतात? मंत्रालयाने केलं तर अन्याय आणि आपण केलं तर धोरण?

यावर ठरलेलं उत्तर असतं, 'तुमच्याकडे विद्यार्थीच कमी आहेत.' आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, साहेब! शिक्षक देत नाही, वसतिगृह देत नाही, गाडी चुकेल असं वेळापत्रक देता, आणि संख्या कमी म्हणून पदं गोठवता. पदं नाहीत म्हणून पुढच्या वर्षी पोरं आणखी कमी.

सोमवारी तक्ता जाईल, कारण नाही गेला तर 'उपकेंद्राने माहिती दिली नाही' हेही आमच्याच माथी मारतील. पण या वेळी सोबत वेगळं पत्र जाणार आहे, सगळ्या सहकाऱ्यांच्या सह्यांनिशी. आराखडा समितीत उपकेंद्राचा एक शिक्षक आणि एक विद्यार्थी, मताच्या अधिकारासह. उपकेंद्राच्या नावाने अर्थसंकल्पात स्वतंत्र शीर्ष आणि ठरावीक रकमेपर्यंत खर्चाचा अधिकार इथंच. वेळापत्रक आम्ही ठरवू, एसटी आगाराशी बोलून. मुलींच्या वसतिगृहाला जागा आहे, सातबारा विद्यापीठाच्या नावावर आहे, इमारतीचं साल लिहून द्या. आणि प्रयोगशाळा परिचराचं पद याच सत्रात भरा, त्यासाठी पाच वर्षांच्या आराखड्याची वाट बघायची गरज नाही.