बाहेरचा म्हणून आणायचा आणि बाहेरचा म्हणूनच हाकलायचा

आज आपली टीम हॉकीची मॅच हरली आणि अर्ध्या तासात ग्रुपवर मेसेज, "परदेशी कोचला आपली पोरं काय कळणार? हाकला त्याला." खाली अंगठ्यांची रांग. मेसेज टाकणारा माझा जुना मित्र, स्वतः बऱ्यापैकी खेळलेला, म्हणून डोकं जास्तच सटकलं. तिथे उत्तर दिलं असतं तर रात्रभर भांडत बसलो असतो, म्हणून इथे लिहितोय, वाचेलच तो.

अरे पण मग आणलाच कशाला होता त्याला? कोण कुणाचा भाचा, कुणावर कुठल्या असोसिएशनचा वरदहस्त, कुठल्या सीनियरला आजवर कोणी उलटं बोललेलं नाही, यातलं काहीच माहीत नसलेला माणूस पाहिजे म्हणून मुलाखती घेऊन, घसघशीत पगार देऊन आणायचा. आणि दोन-तीन मॅच हरल्या की याला "आपलं" काही माहीत नाही म्हणून बोंब मारायची. हेच तर पाहिजे होतं ना तुम्हाला!

माझं सांगतो. नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये होतो तेव्हा एका क्लबच्या ज्युनिअर मुलांना वीकेंडला क्रिकेट शिकवायचो. फुकट, तिथे बरेच क्लब असे स्वयंसेवकांवरच चालतात. मॅटची विकेट, बॉल उसळतो, जरा शॉर्ट पडला की समोरचा आरामात कट मारतो. मॅचआधी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, पुढे टाका, स्टंपवर टाका, मार बसला तरी चालेल. तर माझा ओपनिंग बॉलर, असेल चौदा वर्षांचा, सगळ्यांसमोर मला सरळ नावाने हाक मारून म्हणाला, मला हे पटत नाही. बाकीची पोरं शांत, पण धक्का वगैरे काही नाही, मी काय उत्तर देतो ते बघत होती. दोघा-तिघांचे आईबाप शेजारीच उभे, त्यांनाही काही विशेष वाटलं नाही. माझे कान गरम झाले. मी माझ्या सरांसमोर कधी "पण" सुद्धा म्हटलेलं नाही.

मग समजावत बसलो. त्याने का विचारलं, मी सांगितलं, त्याने परत का विचारलं, तिकडे अंपायर मैदानात निघालेले. शेवटी खांदे उडवून ओके म्हणाला. आणि नंतर त्या पोराने अख्खा स्पेल पुढेच टाकला. डोक्यावरून चौकार गेले तरी लेंग्थ मागे घेतली नाही. तोंड पाडलं नाही, मुद्दाम वाकडं काही केलं नाही. पोटभर भांडून घेतलेला प्लॅन आता त्याचा स्वतःचा होता.

आपल्याकडे मीटिंगमध्ये सगळ्यांच्या माना हलतात, हो सर, येस सर, आणि पहिला फटका बसला की जो तो आपल्या मनाचा राजा. बाहेरून आलेला कोच त्या माना बघतो आणि त्याला वाटतं, चला, पोरांना पटलं. काही शंका आहे का विचारतो, कोणी तोंड उघडत नाही. बाहेर आल्यावर मात्र तेच खेळाडू ओळखीच्या पत्रकाराला सगळं पटापटा सांगणार! जे त्याच्या तोंडावर बोलत नाहीत त्यांनीच म्हणायचं त्याला काही कळत नाही, ही कुठली रीत?

(तरी त्या पोराने सगळ्यांसमोर बोलायला नको होतं असं मला आजही वाटतं. बाजूला येऊन सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं. असो.)

त्याच नेदरलँड्सचा कोच गुस हिडिंक 2001 मध्ये दक्षिण कोरियाच्या फुटबॉल टीमकडे गेला. त्याआधी पाच वर्ल्ड कप खेळून एकही मॅच न जिंकलेली टीम. तिथे ज्युनिअर पोरगा सीनियरला भर मॅचमध्येही मान देऊनच हाक मारणार, आता मागून माणूस येतोय हे ओरडायला वेळ असतो किती! जेवायला बसतानाही लहान वेगळे, मोठे वेगळे. हिडिंकने टेबलं मिसळून टाकली आणि सांगितलं, मैदानात नुसतं नाव घ्यायचं. त्याच वर्षी फ्रान्सकडून 5-0, मग चेक रिपब्लिककडूनही 5-0. लोकांनी त्याचं नावच "पाच-शून्य" ठेवलं. आमचा ग्रुप तिथे असता तर त्याला विमानतळावर सोडून आला असता. 2002 ला त्याच टीमने पोर्तुगाल, इटली, स्पेनला घरी पाठवलं आणि सेमीफायनल गाठली. नंतर त्यांनी त्याला मानद नागरिकत्व दिलं, ग्वांगजूच्या स्टेडियमला त्याचं नाव दिलं. हो, इटली आणि स्पेनच्या मॅचमध्ये रेफ्रींची मेहरबानी होती, माहितीये मला, खाली नका लिहू.

आणि ऑस्ट्रेलियाचा एडी जोन्स! त्याच्याकडे जपानची रग्बी टीम, वर्ल्ड कपच्या इतिहासात तोवर एकच मॅच जिंकलेली, तीही 1991 मध्ये झिम्बाब्वेविरुद्ध. 2015, ब्रायटन, समोर दक्षिण आफ्रिका. शेवटच्या मिनिटांत तीन पॉइंट मागे असताना पेनल्टी मिळाली. किक मारली की बरोबरी. जोन्स वरून जीव तोडून ओरडतोय, तीन घ्या, तीन घ्या. कॅप्टन मायकेल लीचने ऐकलं नाही, स्क्रम (दोन्हीकडचे गडी भिडून बॉलसाठी रेटारेटी) मागितला, ट्राय झाला म्हणजे रेषेपलीकडे बॉल टेकवला, 34-32. कोचचं न ऐकता जिंकले! आता मला सांगा, यात कोच जिंकला की हरला? मला तर तो चौदा वर्षांचा बॉलरच आठवतो. लीच न्यूझीलंडमध्ये जन्मलेला होता, बरं, तो मुद्दा तुमचा. पण शाळेपासून जपानमध्येच होता आणि त्याच्या मागे स्क्रमला उभे राहिलेले काय सगळे न्यूझीलंडचे होते?

लिहिता लिहिता राग जरा उतरला माझा. खरं सांगू का, या परदेशी कोचांचं एक कोणाला दिसत नाही. मॅच संपली की माझी पोरं माझ्याशी इंग्लिशमध्ये दोन वाक्यं बोलायची आणि मी पाठ फिरवली की लगेच डचमध्ये गलका. हसायची. माझ्यावरच हसत असतील असं काही नाही, पण हरल्यावर किट गोळा करताना माणसाच्या मनात येतंच. मी तर हौशी माणूस, सोमवारी ऑफिसला जाऊन विसरायचो. ज्याचं घर, बायको-पोरं हजारो किलोमीटर लांब आहेत आणि ज्याच्या नोकरीचा निकाल दर रविवारी लागतो, तो रात्री हॉटेलच्या खोलीत काय करत असेल? टोकियो ऑलिंपिकमध्ये हॉकीत आपल्या मुली पहिल्या तीनही मॅच हरल्या होत्या, तेव्हा त्यांचा डच कोच श्योर्ड मारिनचं काय झालं असेल विचार करा. पुढे ऑस्ट्रेलियाला 1-0 हरवून सेमीफायनलला गेलो तेव्हा हेच अंगठेवाले रडत होते, मीही रडत होतो.

पण नाही, परत संतापच येतोय. 2003 च्या क्रिकेट वर्ल्ड कपला केनिया सेमीफायनलला गेली, कोच कोण? आपला संदीप पाटील. तेव्हा या ग्रुपमधल्या एकाने तरी म्हटलं का की याला केनियाची पोरं काय कळणार? कॉलर ताठ करून फिरत होतो सगळे. न्यूझीलंड नैरोबीला गेलीच नाही, पॉइंट फुकट मिळाले, ठीके, पण श्रीलंकेला तर खेळूनच हरवलं ना! म्हणजे आपला माणूस बाहेर गेला की द्रोणाचार्य, आणि बाहेरचा आपल्याकडे आला की उपरा.

आपल्या क्रिकेट टीमचा ऑस्ट्रेलियन कोच ग्रेग चॅपेल, त्याचं नाव खाली येणारच, म्हणून आधीच सांगतो. चॅपेल वाईट होता. आल्या आल्या सगळं उपटून परत लावायला निघाला, सौरव गांगुलीबद्दल बोर्डाला पाठवलेला मेल फुटला, 2007 च्या वर्ल्ड कपला पहिल्याच फेरीत घरी. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेचा गॅरी कर्स्टन आला, तोही बाहेरचाच, बोलायचा कमी आणि नेट्समध्ये तासन्‌तास थ्रोडाउन टाकत उभा राहायचा, 2011 ला वर्ल्ड कप जिंकल्यावर पोरांनी त्यालाही खांद्यावर घेतलं होतं. तेव्हा पासपोर्ट बघू नका, माणूस बघा की जरा.

आणि आजच्या मॅचबद्दल माझीही तक्रार आहेच. जादा खेळाडू उतरवायला गोलकीपर एवढ्या लवकर बाहेर काढायला नको होता, हातात वेळ होता. त्यावर भांडा, मी तुमच्या बाजूने येतो.