रंगाआधी भिंत ठोकून बघा

बिल्डिंगला बाहेरून कुठला रंग द्यायचा यावर सोसायटीच्या एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, हमरीतुमरी होते. ग्रे की ऑफ-व्हाइट! पण रंगाआधी भिंत ठोकून बघणार का, असं विचारलं की सगळे असे बघतात जणू आपण कॉन्ट्रॅक्टरकडून कमिशन खातोय.

मुंबईत महापालिका कायद्याच्या कलम ३५३ब नुसार तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत तर १५ ते ३० वर्षांच्या इमारतींचं दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्यांचं दर ३ वर्षांनी ऑडिट करायला सांगितलंय. कागदावर उत्तम. पण या ऑडिटचा मुख्य रोख कॉलम, बीम आणि स्लॅबवर. इमारत उभी राहील का, हे त्यातून कळतं. खालून जाणाऱ्याच्या डोक्यात काय पडेल, हा प्रश्न वेगळा. अगदी भक्कम इमारतीचाही छज्जा सुटून पडू शकतो.

पावसाचं पाणी बारीक भेगेतून आत मुरतं, सळई गंजते, गंज फुगतो आणि वरचा थर बाहेर ढकलतो. बाहेरून दिसते ती केसाएवढी रेघ, आणि तीही रंगाखाली छान झाकली जाते. खरं काय ते हातोडी सांगते. घट्ट प्लास्टर टणक वाजतं, सुटलेलं बद्द. गच्चीवरून मोबाइलनं काढलेल्या फोटोंत हा आवाज कसा येणार?

न्यूयॉर्कमध्ये १९७९ साली इमारतीवरून निखळलेला तुकडा डोक्यात पडून एक कॉलेजची मुलगी गेली. पुढच्याच वर्षी कायदा झाला: सहा मजल्यांहून उंच इमारतींच्या बाहेरच्या भिंती दर ५ वर्षांनी तपासायच्या. आधी फक्त रस्त्याकडच्या भिंती होत्या. १९९८ मध्ये मागच्या-बाजूच्याही आल्या. शिवाय नुसतं दुर्बिणीतून बघून भागत नाही, भिंतीपर्यंत जावं लागतं.

तिथेही सगळं आलबेल नाही. डिसेंबर २०१९ मध्ये ज्या इमारतीचा तुकडा पडून एक महिला आर्किटेक्ट गेली, त्या इमारतीला त्याच वर्षी एप्रिलमध्ये धोकादायक भिंतीबद्दल नोटीस मिळालेली होती. म्हणून माझं म्हणणं, नुसती तपासणी सक्तीची करून उपयोग नाही. दुरुस्तीला तारीख हवी, आणि तोवर खाली संरक्षक छत हवंच. (तेच छत वर्षानुवर्षं ठेवून दुरुस्ती टाळणारे तिथेही आहेत म्हणा.)

पैसे कुठून आणायचे? उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के रक्कम दरवर्षी दुरुस्ती निधीत जायला हवी. मेंटेनन्स वाढवला की मतं जातात, म्हणून कमिटी त्या वाटेला जात नाही.

निदान रंगासाठी परांची बांधालच, तेव्हा टेंडरमध्ये भिंत ठोकून तपासण्याचं काम वेगळं लिहा, पोकळ जागा खडूनं आखून घ्या आणि इंजिनिअरला स्वतः वर चढायला लावा. डक्टच्या बाजूलाही परांची बांधा. तिथला रंग कुणाला दिसत नाही म्हणून तिथेच पैसे वाचवले जातात, आणि ड्रेनेजचे पाइप गळतात तेही तिथेच.